बी ते वडी – लेखांक ७ : कडू की तुरट?

मागच्या आठवड्यात कोकोच्या बिया आंबवून, उन्हात वाळवून झाल्या. भाजणी, घोटणी यथावकाश येईलच, पण आज क्रम मोडून सरळ वडी तोंडात घालू. चव कळली नाही तर पुढची सगळी कारागिरी नुसती माहिती होऊन राहील.

डार्क चॉकलेट पहिल्यांदा खाणाऱ्याच्या तोंडून बहुधा एकच शब्द निघतो, ‘कडू!’ मी विचारते, कारल्यासारखं कडू, की कच्च्या केळ्यासारखं? दुसरा तुकडा खाऊन बरेच जण म्हणतात, केळ्यासारखं. म्हणजे ते तुरट आहे. कडू ही जिभेला कळणारी चव, तर तुरटपणा हा खरा म्हणजे स्पर्श. बियांमधली पॉलिफेनॉल द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासू लागते. ओंजळभर जांभळं खाल्ल्यावर होतं तेच. आयुर्वेदाच्या सहा रसांत तिक्त आणि कषाय वेगळे मोजले आहेत आणि आपल्या घरांतही कुणी हिरड्याला कारल्यासारखा कडू म्हणत नाही. चॉकलेट पारखायला ही मोठी शिदोरी आहे.

कारण या दोन गोष्टी दोन वेगळ्या बातम्या देतात. थोडा कडूपणा बीच्या अंगचाच असतो. थिओब्रोमीन आणि कॅफीन दोन्ही कडूच. भाजणी जास्त झाली तर त्यात भर पडते. तोंड आवळून टाकणारा तुरटपणा मात्र बहुतेक वेळा शेतावरच्या घाईची खूण असतो. नीट आंबवलेल्या बीत ही पॉलिफेनॉल द्रव्यं बदलत जातात आणि जांभळी बी तपकिरी होते. म्हणून खरेदीदार मूठभर वाळल्या बिया उभ्या चिरून आतला रंग पाहतात. पाटीसारख्या करड्या, घट्ट बिया म्हणजे आंबवणं झालंच नाही, जांभळ्या म्हणजे अर्धवट. वडी हातात आल्यावर आपल्याला बी चिरता येत नाही, पण जीभ तोच निकाल देते.

आता तीन वड्या घ्या, तिन्ही सत्तर टक्क्यांच्या, एकेका देशाच्या कोकोच्या: घाना, मादागास्कर आणि इक्वेडोर. सत्तर टक्के म्हणजे बियांचा गर आणि वरून घातलेलं कोको बटर यांची बेरीज. उरलेली जवळजवळ सगळी साखर. तेव्हा टक्क्यांवरून गोडीचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. पंच्याऐंशी टक्के खाणारा अधिक जाणकार, ही समजूत मला अजिबात पटत नाही. आणि घटकांच्या यादीत व्हॅनिला दिसला तर ती वडी या बैठकीसाठी नको. एका मातीची चव ऐकायची असताना वरून दुसरा सूर कशाला?

वेळ सकाळची, न्याहारीच्या आधीची. मे महिन्यात मुंबईत हा खटाटोप करू नका. कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळतं, वडी हातातच लिबलिबीत होईल. फ्रीजमधली वडी डब्याचं झाकण न उघडता तासभर बाहेर ठेवा, नाहीतर तिला घाम सुटतो आणि साखर वर येते. शेजारी लसणाची चटणी असेल तर वडी तिचाही वास धरते. वर पांढुरका थर दिसला तर ती बहुधा बुरशी नसते, चरबीचे स्फटिक वर आलेले असतात. खायला काही धोका नाही, पण पोत बिघडलेला असतो, म्हणून पारखायला ती वडी बाद.

तुकडा कानाजवळ मोडा. कोरडा ‘कट्’ असा आवाज आला म्हणजे स्फटिक नीट बसले आहेत. मोडलेली कड लगेच नाकाशी धरा. मग जिभेवर ठेवून, न चावता, टाळूला हलकेच दाबून विरघळू द्या आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. सर्दीत आमटी बेचव लागते, कारण चवीतला मोठा वाटा नाकाचा असतो, तोच इथेही. दोन वड्यांमध्ये कोमट पाणी आणि फुलक्याचा एक कोर पुरतो.

घानापासून सुरू करा. तिथले शेतकरी बिया केळीच्या पानांखाली ढीग करून आंबवतात. नीट जमलेल्या घानाच्या वडीत लहानपणापासून ओळखीची, गोलसर, भाजलेली कोकोची चव मिळते. ही आपली सा. बाकीच्या वड्या तिच्याशी ताडून पाहायच्या.

मादागास्करची वडी तोंडात जाताच दचकायला होतं. वायव्येकडच्या सांबिरानो नदीच्या खोऱ्यात, अंबांजा गावाच्या परिसरात हा कोको होतो आणि तो चक्क आंबट असतो. परदेशी परीक्षक रासबेरी लिहितात. महाबळेश्वरला द्रोणातून रासबेरी खाल्ली असेल तर तुम्हालाही ओळख पटेल. मला स्वतःला पिकलेली तुती आणि मागून मोसंब्याची साल आठवते. नवखा इथे ‘बिघडलंय’ म्हणून वडी खाली ठेवतो. थांबा. फळाच्या आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं, तो ओसरतो आणि मागे गोडवा राहतो. दोषाचा आंबटपणा व्हिनेगरचा: मोडताक्षणी नाकाला झोंबतो आणि शेवटपर्यंत हटत नाही. आंबवताना ॲसेटिक आम्ल तयार होणारच. सावकाश वाळवण आणि पुढची घोटणी त्याला उडवून लावतात. १८७९ साली रोडोल्फ लिंट यांनी काढलेल्या घोटणीच्या यंत्राचं हेही एक काम. पण घोटणी अती झाली की तुतीही उडून जाते.

इक्वेडोरची वडी माझ्या विशेष जिव्हाळ्याची. तिथल्या जुन्या ‘नासिओनाल’ जातीच्या कोकोला फुलांचा वास असतो, मोगऱ्याकडे झुकणारा. तो वास शेवटी, वडी संपत आल्यावर येतो, म्हणून घाईने गिळणाऱ्याला कधीच भेटत नाही. मात्र वेष्टनावर ‘इक्वेडोर’ आहे म्हणून मोगरा मिळेलच असं नाही. १९६५ साली होमेरो कास्त्रो यांनी तिथे सीसीएन-५१ हा वाण निवडून काढला. तो भरघोस पीक देतो, रोगांना पुरून उरतो, म्हणून शेतकऱ्यांनी तो मोठ्या प्रमाणात लावला. त्यांना दोष कसा देणार? पण फुलांचा वास त्यात नाही. देशाचं नाव छापलेलं असतं. झाड कोणतं, हे छापलेलं असेलच असं नाही. मी आधी जात आणि मळा शोधते, मग देश.

दोषांसाठी परदेशी शब्दकोश उघडायची गरज नाही. नीट न वाळलेल्या, बुरशी धरलेल्या बियांची वडी कुबट लागते. पापुआ न्यू गिनीसारख्या पावसाळी मुलखात लाकडाच्या आचेवर वाळवताना धूर बियांत शिरला की वडी धुरकट. फार भाजलेली करपट, कोको बटर बेसुमार घातलेली ओशट, आणि काहीच न बोलणारी सपक. हे ‘ट’ आणि ‘क’ आपल्या आयांनी धान्य निवडताना, तूप कढवताना रोज वापरलेले आहेत. करपटपणाकडे विशेष लक्ष द्या, कारण सदोष बियांचा वास झाकायला भाजणी वाढवली जाते.

गुण देताना मी पहिला प्रश्न स्वच्छतेचा विचारते: यातला एकही शब्द लागू पडतो का? मग चव किती वळणं घेते, आणि गिळल्यावर किती वेळ टिकते. आवड-निवड सर्वांत शेवटी, आणि वेगळ्या रकान्यात. मला सौम्य वड्या कमी भावतात, म्हणून उत्तम घानाचे गुण कापायचा मला अधिकार नाही.

हीच रीत इडुक्कीच्या किंवा अनमलईच्या पायथ्याच्या कोकोला लावून पाहा. एकाच जिल्ह्यातल्या दोन मळ्यांच्या वड्या मिळाल्या तर फारच छान. एकीत फळ आणि दुसरीत व्हिनेगर सापडलं, तर आंबवण्याच्या खोक्यापाशी आणि वाळवणाच्या अंगणात काय घडलं असेल, याचा तर्क तुम्हाला आता करता येईल.

तिन्ही वड्यांचा एकेक तुकडा घट्ट झाकणाच्या डब्यात राखून ठेवा. पुढच्या आठवड्यात भाजणीकडे वळू, तेव्हा घानाचा तुकडा पुन्हा लागेल.