माऊसला नंबर का नसतो?

चपलेच्या दुकानात गेलं की दुकानदार आधी नंबर विचारतो. शर्टाला माप असतं, अंगठीला असतं, शाळेतल्या पोराच्या क्रिकेटच्या बॅटलासुद्धा असतं. पण दिवसाचे सहा-आठ तास ज्यावर आपला हात असतो, त्या माऊसला मात्र नंबर नसतो. खोक्यावर डीपीआय किती, बॅटरी किती महिने चालेल, दिवे किती रंगांचे लागतील हे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. हा माऊस कोणत्या मापाच्या हातासाठी आहे, ही एक ओळ बहुतेक वेळा नसते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा आपल्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात, अनुभव साधारण सारखाच. माऊस जाड प्लॅस्टिकच्या वेष्टनात बंद. हातात धरून बघायचा म्हटलं तर उत्तर येतं, ‘फोडला तर घ्यावा लागेल.’ ऑनलाइन घ्यावा तर फोटो आणि चांदण्या. त्या चांदण्या लोक पहिल्या आठवड्यात देतात. मनगट बोलायला लागतं ते तीन महिन्यांनी. आणि एखादा माऊस खरोखर हाताला बसलाच, तर तो बिघडल्यावर पुन्हा तोच घ्यायला जावं तेव्हा कळतं, की कंपनीने ते मॉडेल बंद केलं.

ही तक्रार किरकोळ वाटेल. पण डीटीपी करणारे, हिशेब लिहिणारे, सेतू केंद्रात अर्ज भरून देणारे, सीटी स्कॅनच्या शेकडो प्रतिमा चाक फिरवत तपासणारे रेडिओलॉजिस्ट, अशा कितीतरी लोकांचं पोट या वस्तूवर आहे. त्यांच्यासाठी चांगला माऊस कोणता, हा आधी तब्येतीचा प्रश्न आहे.

वेग मोजला, थकवा राहिला

माऊसचा जन्म अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधला. डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना, आणि १९६४ मध्ये तिचा पहिला नमुना बनवला तो त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी. लाकडी ठोकळा, खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो जगासमोर चालवून दाखवला.

त्याआधी त्यांच्या चमूने माऊसची इतर साधनांशी तुलना केली होती. प्रकाशलेखणी होती, जॉयस्टिक होती, गुडघ्याने चालवायचं एक साधनही होतं. मोजमाप मुख्यतः दोन गोष्टींचं झालं: पडद्यावरच्या ठिकाणी पोहोचायला वेळ किती लागतो आणि चुका किती होतात. सराव झालेल्या माणसांच्या हातात माऊस सरस ठरला. प्रयोगशाळेतल्या त्या चाचण्या थोड्या वेळाच्या होत्या. पुढे हीच वस्तू कारकुनापासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं राहील, तेव्हा त्या हाताचं काय होईल, हा प्रश्न त्या वेळी कोणासमोर नव्हता. खोक्यावर आजही वेगाचेच आकडे छापले जातात, आणि तो प्रश्न मागेच राहतो.

डीपीआयचंच बघा. माऊस एक इंच सरकला तर पडद्यावरचा बाण किती ठिपके सरकेल, याचा हा आकडा. नेहमीचा पडदा १९२० ठिपके रुंद असतो. ८०० डीपीआयच्या माऊसला तो ओलांडायला सुमारे सहा सेंटिमीटर सरकावं लागतं, १६०० डीपीआयला तीन. खोक्यावर झळकणारे १६,००० डीपीआय खरोखर वापरले, तर तीन मिलिमीटरमध्ये बाण या टोकाहून त्या टोकाला जाईल आणि कोणत्याही बटणावर ठरणार नाही. कार्यालयात काम करणाऱ्याला त्या आकड्याचा काही उपयोग नाही. पैसे मात्र त्याचे मोजावे लागतात.

हात आखडतो कुठे?

माऊस हाताच्या मानाने लहान असला तर बोटं आत दुमडून त्याला चिमटीत धरावं लागतं. मोठा असला तर बोटं ताणली जातात आणि अंगठा कडेला घट्ट दाबून ठेवावा लागतो. दोन्ही वेळा कोपर ते मनगट या भागातले स्नायू विनाकारण काम करत राहतात. आणखी एक सवय बारकाईने पाहण्यासारखी आहे. चुकून क्लिक होऊ नये म्हणून बरेच जण बोटं बटणांच्या वर अधांतरी धरून ठेवतात. ती उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला बांधलेले असतात. म्हणून बोटांनी केलेल्या कामाची कळ कोपरात उमटते.

सपाट माऊस धरताना तळहात जमिनीकडे वळलेला असतो. या स्थितीत कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावर आडवं येतं. हस्तांदोलनाला हात पुढे केल्यासारखा धरायचा ‘व्हर्टिकल’ माऊस हा पीळ कमी करतो. काहींना त्याने खरंच आराम पडतो. पण तोही बहुधा उजव्या हाताचाच मिळतो आणि मापाचा प्रश्न तिथेही सुटत नाही. डावखुऱ्यांचे हाल तर विचारूच नयेत. दुकानात त्यांच्यासाठी म्हणून जे दाखवतात ते बहुतेकदा दोन्हीकडून सारखं, म्हणजे कुठल्याच हाताच्या वळणाचं नसलेलं मॉडेल असतं.

वस्तू जुनी होते तसा त्रासही वाढतो. बटणाखालच्या छोट्या स्विचचे धातूचे संपर्क झिजले किंवा त्यांच्यावर गंज-थर धरला, की एकदा दाबलं तरी दोनदा क्लिक होतं. फाईल ओढताना मध्येच सुटते. मग माणूस नकळत जास्त जोराने दाबायला लागतो. मऊ रबरासारखा मुलामा असलेले माऊस कोकणात आणि मुंबईत काही पावसाळ्यांनंतर चिकट होतात. दमट हवेने तो मुलामाच विघटित होत जातो. तो मळ नसतो, त्यामुळे कितीही पुसला तरी चिकटपणा परत येतो.

नवा माऊस म्हणजे औषध नव्हे

इथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. मनगट दुखायला लागलं की माणसं डॉक्टरकडे जाण्याआधी दुसरा माऊस घेतात, मग तिसरा. महागडा ‘एर्गोनॉमिक’ माऊस घेतला की दुखणं जाईल, अशी समजूत असते.

तळहाताच्या मुळाशी हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा बनलेला अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि ‘मीडियन’ नावाची एक नस जाते. बोगद्यातला दाब वाढला की सगळ्यांत आधी कुरकुरते ती नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, मुंग्या येतात. करंगळी मात्र ठीक असते. रात्री झोपेतून जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. हा कार्पल टनेल सिंड्रोम.

माऊस धरलेल्या हाताच्या या बोगद्यातला दाब संशोधकांनी प्रत्यक्ष मोजला आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वेगवेगळे माऊस वापरून पाहिले गेले. तिन्हींमध्ये दाबाचा फरक आढळला नाही. हात नुसता माऊसवर ठेवला असतानापेक्षा, पडद्यावरची वस्तू पकडून ओढताना मात्र दाब बराच वाढला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कार्पल टनेलच्या रुग्णांवर व्हर्टिकल माऊस आणि मनगटाखालच्या खास गाद्या तपासल्या. मनगटाचा कोन सुधारला, पण आतला दाब कमी झाला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. डेन्मार्कमधल्या हजारो तंत्रज्ञांची एक वर्ष पाहणी करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांत मुंग्या येण्याचा संबंध दिसला. तरीही एकूण कॉम्प्युटरचा वापर हा या आजाराचा मोठा धोका नाही, असाच निष्कर्ष निघाला. या आजारामागे मधुमेह, थायरॉइड कमी असणं, गरोदरपण, संधिवात अशी इतर कारणं बरेचदा असतात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त दिसतो. सगळा दोष माऊसला देऊन दुकानाच्या फेऱ्या मारत राहिलं, तर मागे लपलेला मधुमेह तसाच राहतो.

म्हणून बधिरपणा काही आठवडे टिकला, रात्री जाग येऊ लागली, हातातून कप निसटू लागला किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झाल्यासारखा वाटला, तर नवा माऊस मागवू नये. डॉक्टरांना हात दाखवावा. नसेची तपासणी करता येते, रक्तातली साखर आणि थायरॉइड पाहता येतं. वेळेत गेलं तर कित्येकांचं रात्री मनगटाला पट्टा बांधूनच भागतं.

मग घ्यायचा कसा?

सुरुवात हातापासून करावी. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजावं. माऊसची लांबी त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असावी, असा एक ढोबळ आडाखा वापरणाऱ्यांत रूढ आहे. हात १७ सेंटिमीटरचा असेल तर माऊस दहाच्या जवळपास, १९ असेल तर साडेअकराच्या. ऑनलाइन वस्तूच्या तपशिलात लांबी-रुंदी तळाशी कुठेतरी दिलेली असते, ती शोधून काढावी. हा आडाखा म्हणजे नियम नव्हे. काही जण पूर्ण तळहात टेकवतात, काही फक्त बोटांच्या टोकांनी माऊस चालवतात. त्यांना लहान माऊसही चालतो. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे सहकाऱ्याचा माऊस अर्धा दिवस मागून घेणं. दुकानात पाच मिनिटं धरून जे कळत नाही, ते दुपारपर्यंत कळतं. आणि घेताना परत करण्याची मुदत आधी विचारून ठेवावी.

त्यानंतर माऊसच्या जागेकडे पाहावं. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांची पाटी असते. तिच्यामुळे माऊस बाहेर ढकलला जातो आणि खांदा दिवसभर फाकलेला राहतो. आकडे फारसे भरायचे नसतील तर ती पाटी नसलेला कीबोर्ड घ्यावा, किंवा माऊस डाव्या हाताला द्यावा. बटणांची अदलाबदल सेटिंगमध्ये करता येते. पहिले काही दिवस चिडचिड होते, मग हात सरावतो.

टेबल बहुतेक ठिकाणी ७५ सेंटिमीटर उंचीचं असतं. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला ते उंच पडतं, खांदे वर चढतात. खुर्ची वर घ्यावी आणि पाय लोंबकळत असतील तर खाली सरळ पाट ठेवावा. कोपर अंगालगत आणि कोपरापासून पुढचा हात टेबलावर टेकलेला असावा. मनगट टेबलाच्या धारेवर रोवून ठेवू नये.

वस्तू ओढताना दाब वाढतो हे आता माहीत आहे, तर ओढणं कमी करावं. लांब मजकूर निवडायचा असेल तर सुरुवातीला एक क्लिक करून शेवटी शिफ्ट दाबून क्लिक करावं; मधलं ओढणं वाचतं. कॉपी, पेस्ट, सेव्ह ही रोज शेकडो वेळा होणारी कामं कीबोर्डवरून करावीत. बाणाचा वेग असा ठेवावा की पडदा ओलांडायला माऊस पुन्हापुन्हा उचलावा लागणार नाही. आणि अर्ध्या तासाने हात माऊसवरून काढून मांडीवर ठेवावा. वाचत बसलेलो असतानाही तो माऊस धरून असतो, हे आपल्या लक्षातच येत नाही.

राहता राहिली कार्यालयं. खरेदी विभाग पन्नास माणसांसाठी पन्नास एकसारखे माऊस मागवतो, कारण दर चांगला मिळतो. त्या पन्नास जणांत सहा फुटी माणूस असतो, पाच फुटी बाई असते, चार-पाच डावखुरे असतात. पुढच्या ऑर्डरमध्ये दोन-तीन मापांचे थोडे थोडे माऊस घेतले आणि ज्याला जो बसेल तो निवडू दिला, तर खर्चात फारसा फरक पडणार नाही. तोवर आपल्या हाताचं माप आपणच पट्टीने मोजून खरेदी विभागाला कळवायला हरकत नाही.