फ्रिजविना अन्नाची राखण

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात राहिले की त्यातील जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून या टप्प्याला धोक्याचा पट्टा मानले जाते. विदर्भातला उन्हाळा तर ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तेथे फ्रिज नसलेल्या घरातले अन्न आपसूकच या पट्ट्यात सापडते. सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे भात. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीत तग धरणारी त्याची सुप्त रूपे, असू शकतात. ती शिजवतानाही टिकतात, पातेल्यात झाकून ठेवलेला भात कोमट झाला की रुजतात, आणि त्यांतून जे विष तयार होऊ शकते ते सकाळी फोडणी देऊनही नष्ट होत नाही, शिवाय भाताला वास येईलच असे नाही. ओले गोणपाट गुंडाळलेला माठ बाष्पीभवनामुळे, विशेषतः कोरड्या हवेत, गार राहतो. पण तो ५ अंशांपर्यंत उतरत नसल्याने भाजीपाल्याला उपयोगी, भाताला नव्हे. शिजवलेले अन्न दोन तासांत, कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच संपवावे, आणि रात्रीचा भात उरणार नाही इतकाच शिजवावा.