वाट गेली, नाव बदलले, डिस्क तीच!

मंडळी, आपल्यापैकी अनेक घरांत अवेळी फोन वाजतो आणि घरातला संगणकवाला "पाथ गेलाय" असे पुटपुटत लॅपटॉप उघडतो. नेमके काय गेले, हा घरच्यांचा रास्त प्रश्न. त्याचे हे उत्तर.

मोठ्या कंपन्यांचा डेटा बहुतेक वेळा सर्व्हरच्या पोटात नसतो, वेगळ्या स्टोरेजमध्ये असतो. तिथे जायला मुद्दाम दोन-चार वाटा ठेवतात. मुंबईहून पुण्याला एक्सप्रेसवेही आहे आणि जुना हायवेही, तसेच. गंमत अशी, की लिनक्सला प्रत्येक वाटेने दिसणारी डिस्क निराळी वाटते. एकाच डिस्कला तो एसडीबी, एसडीसी अशी चार नावे देतो. मल्टिपाथ ही व्यवस्था डिस्कचा कायमचा ओळखक्रमांक (डब्ल्यूडब्ल्यूआयडी) पाहून या चौघांची मोट बांधते.

एक केबल निखळली, तर काम उरलेल्या वाटांनी चालू राहते. मल्टिपाथडी हा पहारेकरी दर काही सेकंदांनी (मूळ मांडणीत ५) तपासत राहतो आणि वाट सुधारली की आपणहून परत घेतो. तसे झाले नाही तर आम्ही आधी 'मल्टिपाथ -एलएल' पाहतो. तिथे 'फेल्ड फॉल्टी' दिसले, तर पहिला संशय केबल आणि स्विचवर. ते ठीक असून कर्नलने डिस्क 'ऑफलाइन' ठरवली असेल, तर तिची स्थिती 'रनिंग' करायची. डिस्क दिसतच नसेल तर होस्ट पुन्हा स्कॅन करायचा. सगळ्यात शेवटी 'रीइन्स्टेट'. केबल न पाहताच ही आज्ञा देणारे उत्साही वीर असतात. पहारेकरी पुढच्याच फेरीत ती वाट पुन्हा बाद करतो.

सगळ्याच वाटा गेल्या आणि 'क्यू' लावलेले असेल, तर प्रोग्राम गोठून बसतात. किल -९ लाही ते दाद देत नाहीत.

आता नावाचे. एसडीबी हे नाव रीबूटनंतर त्याच डिस्कला मिळेल, याची हमी नाही. त्यावर विसंबून कोणी एमकेएफएस चालवले, तर भलतीच डिस्क कोरी होते. आमच्या मते केबलपेक्षा नावाच्या घोळाचीच भीती जास्त बाळगावी. 'एमपाथए' हे सोपे नावही फसवे आहे, कारण ते ज्या त्या सर्व्हरवरच्या नोंदवहीतून येते. शेजारच्या सर्व्हरवर तीच डिस्क 'एमपाथबी' असू शकते. म्हणून मल्टिपाथ डॉट कॉन्फमध्ये ओळखक्रमांकासमोर स्वतःचे टोपणनाव (एलियस) लिहावे, सगळ्या सर्व्हरवर एकच, आणि 'रीकॉन्फिगर' करावे. एफएसटॅबमध्ये जुने नाव उरले असेल तर तेही बदलावे, नाहीतर पुढच्या रीबूटला सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो. बूटची डिस्क मल्टिपाथवर असेल तर इनिटरॅमएफएसही नव्याने बांधावे; त्यात कॉन्फची जुनी प्रत असते.

घरी लिनक्सवर बारशापासूनचे फोटो साठवणाऱ्यांनाही हे लागू आहे. दोन यूएसबी डिस्क जोडल्या, की त्यांची नावे अदलाबदल होऊ शकतात. 'बीएलकेआयडी'ने यूयूआयडी पाहा, एफएसटॅबमध्ये तोच लिहा आणि सोबत 'नोफेल' जोडा, म्हणजे डिस्क लावलेली नसली तरी संगणक सुरू होताना अडणार नाही.