सात दिवसांचं मलम

औषधाची पुडी : लेखांक ९

गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या थेंबांबद्दल लिहिलं, तर लोकांनी दुकानात येऊन चारचौघांत शंका विचारल्या. आजच्या औषधाबद्दल तसं कोणी विचारणार नाही. मूळव्याधीचं मलम न्यायला आलेला माणूस आधी डोकेदुखीची गोळी घेतो, मग काउंटरवरच्या बाया निघून जाईपर्यंत मोबाइल चाळतो, आणि मग खिशातून कागदात गुंडाळलेली रिकामी ट्यूब काढून पुढे सरकवतो. ‘‘भाऊ, मांगच्या बारीचं थे द्या न एक.’’

परवा अशीच एक ट्यूब आली. शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणलेली, छपाई पुसलेली. कितवी, विचारलं. ‘‘चौथी असंन. सोयाबीन सोंगल्यापासून लावतो.’’ आता हरभरा घरात आलाय. आधीच्या तीन आमच्याच दुकानातून गेल्या होत्या आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

२०२५च्या जानेवारीत आपल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव-कालवड-हिंगणा भागात, लोकांचे केस गळून टक्कल पडू लागलं. गवगवा झाला, आयसीएमआरचं पथक आलं, नमुने तपासायला गेले. डोकं झाकून झाकत नाही. मूळव्याध झाकता येते, म्हणून ती महिनोन्‌महिने ट्यूबवर निघते.

या ट्यूबमध्ये असतं काय? बहुतेकींत लिग्नोकेनसारखं बधिर करणारं औषध असतं, त्यानं ठणका थांबतो. सूज-खाज कमी करायला हायड्रोकॉर्टिसोन किंवा बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड. काहींत शिरा आवळणारं फिनाइलेफ्रिन, काहींत झिंक. ही सगळी मंडळी त्रास शमवतात. आतला मोड काही विरघळवत नाहीत. ‘लावलं की थंड वाटते’ म्हणजे बरं झालं असं नव्हे. स्टेरॉइड असलेलं मलम डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर सात दिवसांच्या वर लावू नये. पुढे कातडी पातळ पडते, जरा घासलं की चिरते, बुरशी असेल तर तीही फोफावते, आणि माणूस त्या जळजळीवर पुन्हा तेच मलम लावतो. २०१८पासून अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊच नयेत. फिनाइलेफ्रिन असलं तर बीपी, हृदयविकार, थायरॉइड किंवा प्रोस्टेटच्या रुग्णानं आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईनं तर कुठलंही मलम विचारूनच.

आता लावायचं कसं. शौचाला जाऊन आल्यावर आणि रात्री झोपताना. एकूण किती वेळा ते चिठ्ठीवर असतं. जागा कोमट पाण्यानं धुवायची, मऊ कापडानं टिपायची, घासायची नाही. वाटाण्याएवढं मलम पुरतं. जास्त लावल्यानं जास्त गुण येत नाही, औषध रक्तात मात्र जास्त उतरतं. हात नंतर सगळेच धुतात. आपल्याकडे आधी धुणं जास्त महत्त्वाचं. ठेचा कुटलेल्या बोटांनी मलम लावलेला गडी मी पाहिलाय, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुकानात आलेला पाहिलाय. हसू नका, त्यानंही हसत सांगितलं नव्हतं. आत लावायची नळी सोबत असेल तर टोकाला थोडं मलम माखून, श्वास सोडत, हलकेच. अडली तर जोर नाही. वापरल्यावर साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन वाळवायची. एक नळी, एकच माणूस.

शेजाऱ्याची ट्यूब मागून आणणं तर सोडाच. त्याला मूळव्याध नसून फिशर, म्हणजे चीर, असू शकते आणि त्याच्या मलमात नायट्रोग्लिसरीन असू शकतं. त्यानं डोकं ठणकतं, बीपी उतरतं. सिल्डेनाफिलची (लैंगिक ताकदीची) गोळी घेणाऱ्याला ते जिवावर बेतू शकतं. ट्यूब मोटारसायकलच्या डिकीतही ठेवू नये. मे महिन्यात घाटाखाली डिकीत काय होतं, ते मलकापूर-नांदुऱ्याच्या माणसाला मी काय सांगू!

खरं औषध ट्यूबबाहेरच आहे. शौचाला कुंथावं लागू नये, एवढंच त्याचं सूत्र. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, गोडं पाणी कॅनमध्ये विकत किंवा दुरून आणायचं, मग शेतात दिवसभर एका बाटलीवर भागवलं जातं. मळ खडा होतो. भाकर, पालेभाजी, रात्री ईसबगोल आणि त्यावर भरपूर पाणी. पाण्याविना ईसबगोल उलट अडकतो. टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसणं फुकटात आराम देतं. संडासात मोबाइल नेऊ नये. कचोरी महिनाभर बंद करा असं मी म्हणत नाही, शेगावच्या माणसाला ते सांगणारा मी कोण.

एसटी स्टँडमागच्या भिंतींवर ‘एका इंजेक्शनात मूळव्याध गायब’ रंगवलेलं असतं. सुश्रुतानं मूळव्याधीवर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले. क्षारसूत्र (क्षार माखलेला दोरा) शिकलेल्या वैद्याच्या हातात ते काम वेगळं. पण असल्या जाहिरातवाल्यांकडचा बिननावाच्या डबीतला लेप आतली त्वचा जाळतो.

आणि रक्त. आतल्या मूळव्याधीत ते बहुधा न दुखता पडतं, म्हणूनच दुर्लक्ष होतं. पण प्रत्येक रक्त मूळव्याधीचं नसतं. आठवडाभरात थांबलं नाही, मळ काळा झाला, वजन घटलं, पोटाची नेहमीची सवय बदलली, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलं, तर आतड्याचा कॅन्सर नाही ना, हे तपासावंच लागतं. ताप, असह्य दुखणं किंवा बाहेर आलेला मोड आत न जाणं, यात तर दुसऱ्या दिवसाची वाटही पाहू नये.

परवाच्या त्या माणसाला विचारलं, रक्त पडतं का? तो रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘‘पडते. दिवाळीपासून.’’ मी पाचवी ट्यूब दिली नाही. बुलढाण्याला जिल्हा सामान्य रुग्णालयात सर्जनला दाखव म्हटलं. लाजशील तर आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. त्यानं रिकामी ट्यूब पुन्हा कागदात गुंडाळायला घेतली. छपाई पुसलेली होती, म्हणून त्याच कागदावर मी आतल्या औषधांची नावं आणि ‘चार ट्यूब, पाच महिने’ एवढं लिहून दिलं.