मोटारसायकलचा परवाना व त्याच्या पायऱ्या

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा व सुरतेहून नागपुराकडे जाणारा, असे दोन मोठे रस्ते आपल्या खानदेशांत धुळ्याजवळ एकमेकांस छेदतात. दुसरा रस्ता पुढें पारोळें, एरंडोल, जळगांव व भुसावळ या गांवांवरून जातो. या रस्त्यांवर रात्रंदिवस मालमोटारींची रीघ लागलेली असते. आणि याच रस्त्यांनीं आसपासच्या खेड्यांतील मुलें शाळेस व शिकवणीस येतात. पूर्वीं तीं पायीं किंवा सायकलीवर येत. आतां त्यांपैकीं कांहीं वडिलांची मोटारसायकल घेऊन येतात. वडिलांस त्यांत कौतुक वाटतें, मुलास पराक्रम वाटतो. तेव्हां कायदा याविषयीं काय सांगतो व तो तसें कां सांगतो, याचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

आपल्या देशांत लागू असलेला मोटार वाहन कायदा 1988 सालचा असून तो 1 जुलै 1989 पासून अमलांत आला. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणें 18 वर्षें पुरीं झाल्यावांचून कोणासही सार्वजनिक ठिकाणीं मोटार वाहन चालवितां येत नाहीं. भाड्याच्या व मालवाहू वाहनांस तर 20 वर्षांची अट आहे. या नियमास एक लहानसा अपवाद ठेविला आहे. ज्या मोटारसायकलचें इंजिन 50 घन सेंटिमीटरहून मोठें नाहीं, ती 16 वर्षें पुरीं झालेल्या मुलास किंवा मुलीस परवाना काढून चालवितां येते. मात्र त्या परवान्यासाठीं पालकाची लेखी संमति लागते.

या अपवादाचा अर्थ नीट न समजल्यामुळें मोठा घोटाळा होतो. महाराष्ट्रांतच तयार होऊन 1972 सालीं बाजारांत आलेली लूना ही 50 घन सेंटिमीटरची हलकी गाडी होती. ही सवलत तसल्याच गाड्यांस लागू पडते. आज घरोघरीं दिसणाऱ्या बिनगिअरच्या पेट्रोल स्कूटरींचें इंजिन बहुतेक 100 घन सेंटिमीटरच्या वर असतें. म्हणून ‘गिअर नाहीं, तर सोळाव्या वर्षीं चालते’ हा समज अगदीं चुकीचा आहे. विजेच्या गाड्यांचेंही असेंच. मोटारीची शक्ति पाव किलोवॅटहून कमी, वेग तासास 25 किलोमीटरहून कमी व बॅटरीवांचून वजन 60 किलोपर्यंत, अशी गाडी असेल तरच ती मोटार वाहनांत गणली जात नाहीं. त्याहून जोरदार गाडीस परवाना लागतोच.

परवान्याची पहिली पायरी म्हणजे शिकाऊ परवाना. तो मिळविण्यापूर्वीं रस्त्यावरील खुणा व इशारे, अपघात घडल्यास चालकाचीं कर्तव्यें, पहारेकरी नसलेलें रेल्वे फाटक ओलांडतांना घ्यावयाची खबरदारी आणि जवळ बाळगावयाचे कागद, यांविषयीं परीक्षा द्यावी लागते. हा परवाना सहा महिने चालतो. तो असतांना गाडीच्या पुढें व मागें पांढऱ्या चौकोनावर तांबडें ‘एल’ हें अक्षर लावावें लागतें. चौकोन निदान 18 सेंटिमीटरचा व अक्षर निदान 10 सेंटिमीटर उंच असावें, इतकें बारकाईनें नियमांत सांगितलें आहे. शिवाय, शिकविण्यासाठीं बसलेल्या परवानाधारकावांचून अन्य कोणासही मागें बसवितां येत नाहीं. मित्रास मागें घेऊन शिकाऊ परवान्यावर हिंडणें हें म्हणून नियमाविरुद्ध आहे.

दुसरी पायरी पक्क्या परवान्याची. शिकाऊ परवाना हातीं आल्यावर निदान 30 दिवस गेल्याखेरीज प्रत्यक्ष गाडी चालविण्याची परीक्षा देतां येत नाहीं. या परीक्षेंत नापास झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हां बसतां येतें. सोळाव्या वर्षीं मिळालेला परवाना मोठ्या गाडीस चालत नाहीं. त्यासाठीं 18 वर्षें पुरीं झाल्यावर नव्यानें अर्ज करून परीक्षा द्यावी लागते. 30 वर्षांच्या आंत काढलेला पक्का परवाना वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. एवढ्या दीर्घ काळासाठीं मिळणाऱ्या अधिकारापुढें दोन वर्षांची वाट फार नव्हे.

या पायऱ्या केवळ आपल्याच देशांत आहेत असें नाहीं. इंग्लंडांत 1903 च्या कायद्यानें मोटारसायकलसाठीं अवघीं 14 वर्षें पुरेशीं मानलीं होतीं. अनुभवानें ही मर्यादा वाढत गेली. आज तेथें 16 व्या वर्षीं मोपेड, 17 व्या वर्षीं 125 घन सेंटिमीटरपर्यंतची हलकी गाडी, 19 व्या वर्षीं मध्यम शक्तीची, आणि कोणतीही मोठी गाडी थेट चालविण्यास 24 वें वर्ष, अशी चढती रचना आहे.

याचें कारण साधें गणित आहे. तासास 60 किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें 17 मीटर पुढें जाते. समोर बैल आडवा आला हें डोळ्यांस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. वेग दुप्पट झाला, कीं ब्रेक दाबल्यापासून थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें. हात गाडी चालविण्यास महिन्याभरांत शिकतो. वेग आवरण्याची बुद्धि त्याहून सावकाश येते. कायदा वाट पाहावयास लावतो तो या बुद्धीची.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. 2019 सालच्या दुरुस्तीनें या कायद्यांत 199 अ हें कलम आलें. परवान्यावांचून गाडी चालविणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द होते, आणि त्या मुलास 25 वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो टाळण्यासाठीं आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हें सिद्ध करण्याचें ओझेंही पालकावरच पडतें. हौसेनें दिलेली किल्ली मुलाच्या पुढील सात-आठ वर्षांचा मार्ग अडवूं शकते. आणि रस्त्यावर दुसऱ्याच्या घरचें माणूस दुखावलें, तर तें नुकसान कोणत्याही दंडानें भरून येत नाहीं.

शाळा लांब आहे, ही अडचण खरी आहे. परंतु तिजवर उपायही आहेत. एस.टी.च्या मासिक पासांत विद्यार्थ्यांस सुमारें दोन तृतीयांश सवलत मिळते, व ग्रामीण भागांतील मुलींस बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. जवळच्या अंतरास सायकल आहेच.

विद्यार्थिमित्रांनों, 18 व्या वाढदिवसापर्यंत रस्त्यावरील खुणा पाठ करा, मागें बसतांनाही हेल्मेट घाला, आणि वडील गाडी चालवीत असतांना ते कोठें व कां वेग कमी करतात तें पाहात जा. जो आज मागच्या आसनावर बसून रस्ता वाचावयास शिकतो, तोच उद्यां पुढच्या आसनावर बसण्यास योग्य ठरतो.