पॅराग्लायडिंग शिकायचंय? आधी जमिनीवर विंग सांभाळायला शिका

लातूर-नांदेड : पॅराग्लायडिंगच्या रील बघून आपल्याकडच्या पोरांनाही उडावं वाटतं. पण उडायच्या आधी विंग, म्हणजे कापडाचा पंख, जमिनीवर सांभाळायला शिकावं लागतं. यालाच ग्राउंड हँडलिंग म्हणतात. पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यातलं कामशेत या खेळासाठी प्रसिद्ध आहे. तिथंही नवख्याला आधी सपाट जागेवर सराव देतात, डोंगर नंतर.

याची गरज काय? एकट्याची विंग साधारण 25 चौरस मीटरची, म्हणजे 15 बाय 18 फुटांच्या ताडपत्रीएवढी असते. वावधानात ताडपत्री धरली की माणूस कसा फरफटतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

सराव असा असतो :

- माती हातातून सोडून वारा बघायचा, उपणताना बघतो तसा. ताशी 10 ते 20 किलोमीटरचा, एकसारखा वारा चांगला. झटके देणारा नको.
- वाऱ्याकडं पाठ आणि विंगकडं तोंड करून उभं राहायचं. पुढचे पट्टे हलके ओढले की कप्प्यांत हवा भरते आणि विंग वर येते.
- डोक्यावर आली की ब्रेक थोडा लावून थांबवायची, नाहीतर ती पुढं पडते.
- विंग ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला आपण सरकायचं. मन उलटं सांगतं, म्हणून तर सराव लागतो.
- ओढून न्यायला लागली तर मागचे पट्टे खेचून विंगच्या दिशेनं पळायचं. घाबरून दोन्ही ब्रेक एकदम ओढले तर जोराच्या वाऱ्यात विंग आपल्यालाच उचलू शकते.

हेल्मेट घातल्याशिवाय पट्टे अंगाला जोडायचे नाहीत, जमिनीवरच्या सरावातही नाही. हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूटही हवेत.

आपल्या भागात धोका कुठं? उन्हाळ्यात दुपारी रान तापलं की वावटळ उठते. ती विंगसकट माणूस उचलू शकते. तारा आणि डीपीजवळ तर जायचंच नाही. बाभळीच्या काट्यानं आणि पऱ्हाटीच्या खुंटानं कापड फाटतं, दोऱ्या अडकतात.

कुणी जुनी विंग स्वस्तात देत असेल तर लगेच घेऊ नका. उन्हानं कापड कमजोर होतं आणि प्रत्येक विंग ठराविक वजनाच्या माणसासाठीच असते. व्हिडिओ बघून एकट्यानं रानात प्रयोग तर मुळीच नको. चूक झाल्यावर हाताला धरणारं तिथं कुणी नसतं.

खरंच शिकायचं असेल तर रेल्वेनं पुणे गाठा. तिथून लोणावळा लोकल कामशेतला थांबते. पावसाळ्यात प्रशिक्षण बंद असतं, दिवाळीनंतरचे महिने बरे. क्लास निवडताना एकच प्रश्न विचारा, जमिनीवरचा सराव किती दिवस घेता? पहिल्याच दिवशी उडवतो म्हणणाऱ्यापासून लांबच राहा.