फोटो आठवण असतो, पुरावा कधी होतो?

पाचोडला आमचं माळवदाचं घर होतं. ते पाडायच्या आदल्या दिवशी मी मोबाईलवर चाळीसेक फोटो काढले. नंतर आजीने विचारलं, "यात बळद कुठंय रे?" धान्य साठवायची भिंतीतली ती जागा एकाही फोटोत ओळखू येईना. भिंत किती जाड होती, कोणता फोटो कोणत्या खणातला, काहीच सांगता येईना. घर आता नाही, त्यामुळे पुन्हा काढायची सोयही नाही.

संशोधनाची तयारी करत असाल तर ही चूक माझ्याकडून शिकून घ्या. जुनी इमारत असो, शिवार असो की घरातली आठवण, फोटोला नोंदीची जोड मिळाली तरच त्याचा पुरावा होतो.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघा. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्याचं काम मिळालं. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या बऱ्याच प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण गिलने अजिंठा-वेरूळचे फोटोही काढले होते. ते १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात वर्णनासह छापले गेले, म्हणून आजही वापरता येतात. त्यात रंग नाहीत. म्हणजे फोटो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हेही लिहून ठेवावं लागतं.

मग करायचं काय?

इमारतीसाठी: आधी पूर्ण भिंत, मग दार-कोनाडा, मग बारकावे, असा क्रम ठेवा. चौकटीत मोजपट्टी ठेवा. नसेल तर लांबी माहीत असलेली वही चालेल. कागदावर घराचा साधा नकाशा काढून प्रत्येक फोटो कुठून आणि कोणत्या दिशेला काढला, ते बाणाने दाखवा.

शिवारासाठी: एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फोटो काढा. पैठणला नाथसागराचं पाणी उन्हाळ्यात किती मागे जातं, किंवा पाचोडच्या मोसंबीच्या बागा कशा बदलतात, हे असंच दिसतं. १८८८ पासून सेबास्टियन फिन्स्टरवाल्डरने आल्प्समधल्या हिमनद्यांवर हीच पद्धत वापरली. जुन्या फोटोची जागा शोधताना जवळचं झाड आणि लांबचं मंदिराचं शिखर एकमेकांच्या मागे कसं येतं ते बघा. तुम्ही दोन पावलं सरकलात की ते गणित बिघडतं. नुसतं झूम केल्याने ते जुळत नाही, कारण झूममुळे फक्त चौकट लहान-मोठी होते.

आठवणीसाठी: फोटो समोर ठेवून माणसाला बोलू द्या. जॉन कॉलिअरने १९५७ मध्ये या पद्धतीवर लिहिलं. आधी विचारून, परवानगी घेऊनच रेकॉर्ड करा. वहीत दोन रकाने करा: 'फोटोत दिसतं ते' आणि 'सांगितलं ते'. दोन्ही एकत्र झाले की पुढे तुम्हालाच कळत नाही, हे तुम्ही पाहिलं होतं की ऐकलं होतं.

आणि हो, मूळ फाईल जपा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते आणि फोटोचा दर्जाही उतरतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि एक प्रत दुसरीकडे ठेवा.

ते चाळीस फोटो मी परत काढले. आजीला एकेक दाखवला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोट ठेवून ती म्हणाली, "हे बघ, इथं लिंपलेलं दिसतंय ना, ते बळदाचं तोंड." दुसऱ्या रकान्यात तारखेसह तेवढं लिहून ठेवलंय. पहिला रकाना मात्र रिकामाच आहे. तुमच्या घरातलं कुणी सांगणारं अजून असेल, तर या सुट्टीत वही घेऊन बसा.